आटवलेलं पाणी

आमच्या घरी पाणी दुधासारखं आटवत असत. चुलीवर काठोकाठ भरलेला पितळी गंज चढायचा, पाण्याला उकळी फुटायची, आणि इतर घरांत ज्या क्षणी गंज खाली उतरला असता त्या क्षणी आमच्याकडे खरं काम सुरू व्हायचं. बाबांचा नियम असा, की गंजाच्या आतल्या बाजूला पाण्याची जी ओली रेघ उमटते तिच्याखाली पाणी चांगलं चार बोटं उतरलं पाहिजे. काढा आटवल्याशिवाय गुणाला येत नाही, मग पाणी कसं येईल, असं त्यांनी कुठल्याशा आरोग्याच्या पुस्तकात वाचलं होतं. किंवा वाचलं नव्हतं, पण वाचल्यासारखं सांगत. मग ते पाणी जुन्या धोतराच्या चौपदरी फडक्यातून स्टीलच्या फिल्टरमध्ये ओतलं जाई. फिल्टरच्या वरच्या डब्यात खडूसारख्या दोन पांढऱ्या नळ्या होत्या. त्या दर रविवारी नारळाच्या शेंडीनं घासायचं काम माझ्याकडे होतं. घासताना बाबा शेजारी उभे राहत आणि देवाच्या मूर्तीला स्नान घालणाऱ्या पुजाऱ्याकडे यजमानानं बघावं तसे बघत. दिवसभर फिल्टरमधून थेंब गळत राहायचे. दुपारी घरात कोणी बोलत नसलं की तेवढा एक आवाज, आणि अंगणात हातपंपाच्या दांड्याचा कुरकुराट.

तो हातपंप हे आमच्या घराचं भूषण होतं. गोंडपिपरीहून जंगलाच्या अंगाला आत गेल्यावर लागणाऱ्या आमच्या गावात पहिलं बोअर आमच्या अंगणात लागलं, ते मी पाळण्यात असताना. पाणी असं स्वच्छ, की पेला उजेडात धरला तर पेला रिकामा वाटावा. त्या पाण्यात तुरीची डाळ पटकन शिजायची. भात मात्र किंचित पिवळा व्हायचा. बाबा त्याला केशरी म्हणत. आमच्या घरांच्या अख्ख्या ओळीतल्या बाया पंपावर पाण्याचे गुंड भरायला येत, बाबा कुणालाही नाही म्हणत नसत, आणि नाही न म्हणण्याची ही सवय सगळ्यांच्या लक्षात राहील अशा बेतानं ते ओट्यावर बसत. पाहुणा आला की त्याला आधी बसायला नाही, पाणी. तो पीत असताना त्याच्या चेहऱ्याकडे बघायचं. "दौलतभाऊ, पानी हाय का अमृत हाय!" असं म्हटल्याशिवाय पेला परत घेतला जात नसे. ओळीची जुनी विहीर मग कुणी उपसलीच नाही. तिच्यात आधी पालापाचोळा गेला, मग फुटकी मडकी, शेवटी एक मोडकी सायकल. पाण्याची गरज संपली की विहिरीचा उकिरडा व्हायला फार वर्षं लागत नाहीत.

गावाला दुसरी विहीर होती ती बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पलीकडे, मोहाच्या झाडांखालच्या गोंडांच्या टोल्यात, त्यांच्या वस्तीत. टोल्यालाही पंप देऊ, असं प्रत्येक निवडणुकीत ठरत असे. ठरण्याचं काम नियमित होत असल्यानं पंप देण्याची वेळ आली नाही. टोल्यातली माणसं त्या उथळ विहिरीचं गढूळ पाणी पीत राहिली, पावसाळ्यात त्यांची पोरं हगवणीनं आजारी पडत राहिली, आणि आमच्या ओळीत त्यावर "स्वच्छता नाई त्यायले" एवढं बोलून सगळे आपापला केशरी भात जेवत.

दातांबद्दल मात्र आमच्या ओळीत कुणी काही बोलत नसे, कारण सगळ्यांचे सारखेच होते. चहाच्या जुन्या कपाला आतून जसे तपकिरी पट्टे पडतात तसे आमच्या दातांवर होते. पुरुषांचे तंबाखूच्या खर्ऱ्यानं, बायकांचे मिश्रीनं आणि पोरांचे नीट न घासल्यानं, अशी त्याची वाटणी झालेली होती. मी राखेनं, कोळशानं, कडुनिंबाच्या काडीनं हिरड्यांतून रक्त येईपर्यंत घासत असे. आरशासमोर उभी राहून तोंड मिटून हसण्याचा सराव करत असे. तो सराव इतका पक्का झाला, की आजही फोटोत मी कुणावर तरी रागावल्यासारखी दिसते.

मी नववीत असताना शाळेत दंतशिबिर झालं. मंडप, तोरण, हार, नारळ, आणि एक उद्घाटक, जे स्वतःचे दात दिसणार नाहीत अशा बेतानं बोलत होते. त्यांनी आळशी मुलांवर भाषण केलं, दात घासण्यानं राष्ट्र कसं बलवान होतं ते सांगितलं आणि आम्हांला एकेक ब्रश वाटला. टाळ्या झाल्या. मग मंडपाच्या मागच्या खोलीत चंद्रपूरहून आलेली एक तरुण डॉक्टरीण एका लाकडी बाकावर मुलांना बसवून तोंडं पाहू लागली. माझं तोंड पाहून तिनं विचारलं, "घरी पाणी कुठलं?"

"बोअरचं," मी म्हणाले, आणि आम्ही साधीसुधी माणसं नाही हे तिला कळावं म्हणून पुढे जोडलं, "पण आटवून पितो आम्ही. फिल्टरचं."

तिनं हातातला आरसा खाली ठेवला. "किती आटवता?"

"चार बोटं."

ती हसली नाही. "डाळीत मीठ जास्त झालं आणि तू ती आटवत बसलीस, तर खारटपणा कमी होतो का?"

"वाढतो."

"मग?" ती म्हणाली. "तुमच्या जमिनीखालच्या खडकातून पाण्यात फ्लोराईड येतं. ते विरघळलेलं असतं. फडक्यात अडकत नाही, तुमच्या फिल्टरात अडकत नाही. उकळलं की पाणी उडून जातं आणि ते मागे राहतं. दात रंगतात, पुढे मोठ्यांची हाडंसुद्धा आखडतात." मी विचारलं, आता घासून जाईल का. ती म्हणाली, "तुझे जे झाले ते झाले. घरात लहान कोणी आहे?"

होती. बेबी. माझ्यानंतर किती तरी वर्षांनी झालेली, तेव्हा नुकती बसायला लागलेली. डॉक्टरीण म्हणाली, तिचे पुढचे पक्के दात हिरडीच्या आत आत्ताच टोकाकडून मुळाकडे घडत आहेत, आईचं दूध आहे तोवर ठीक, पण वरचं पाणी द्याल ते या बोअरचं देऊ नका. मग तिनं दाराबाहेर रांगेत उभ्या असलेल्या टोल्याच्या पोरांकडे बोट केलं. "यांचे दात पाहिलेस कधी?" वर्षानुवर्षं एका शाळेत शिकत होतो आम्ही. मी पाहिले नव्हते. ती पोरं नव्या ब्रशांनी एकमेकांना टोचत होती आणि तोंड उघडं टाकून हसत होती. "यांच्या पाण्यात जंतू आहेत," ती म्हणाली, "पण ते गाळून उकळलं की मरतात. तुमच्या पाण्यातलं मरत नाही."

घरी आले तेव्हा आई बेबीला भाताची पेज भरवत होती. पेज आटवलेल्या पाण्यातली होती. लेकराचं म्हणून जरा जास्तच आटवलेलं. मी एका दमात सगळं सांगितलं. आईनं वाटी खाली ठेवली, बेबीच्या तोंडात बोट घालून हिरड्या चाचपल्या, आणि बराच वेळ बोट बाहेर काढलं नाही. बेबीनं ते चावलं.

बाबांनी मात्र शांतपणे ऐकून घेतलं, आणि तेच वाईट होतं. "अख्खी ओळ पेते माह्या घरचं पानी," ते म्हणाले. "मेलं का कोणी?"

"मरत नाही, बाबा. दात—"

"दात झाले, आता हाडावर आली थे डाक्टरीन. उद्या म्हनंल केसं बी पान्यानंच पांढरे झाले." ते उठले, अंगणात पंपापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. "अन् मी काय सांगू लोकायले? इतके वर्सं तुमाले जहर पाजून राह्यलो म्हनून?" मग दारात थांबून त्यांनी निकाल दिला, "आजपासून सहा बोटं आटवा."

आता मी ब्रह्मपुरीत राहते. गेल्या साली घरी एक जण पाण्याचं यंत्र विकायला आला होता. टाय लावलेला, भर उन्हाळ्यात. त्यानं आमच्या नळाच्या पाण्याच्या पेल्यात दोन सळया सोडल्या, वीज लावली, आणि पाणी क्षणात शेणकाल्यासारखं झालं. "मॅडम, हे पिता तुम्ही," तो दुखवट्याच्या आवाजात म्हणाला. झिजतात त्या सळया, पाण्याला काही होत नाही, हे मला ठाऊक होतं. तुझ्या यंत्रानं काय काय निघतं, असं विचारल्यावर तो म्हणाला, "सगळं." यंत्र मी घेतलं, कारण त्या जातीच्या यंत्रानं फ्लोराईड निघतं हे मी आधीच वाचून ठेवलं होतं. पण तो गेल्यावर माझ्या लक्षात आलं, की त्यानं मला दाखवलं ते माझ्या वडिलांच्याच धर्मातलं होतं. डोळ्यांना दिसलं पाहिजे. स्वच्छ दिसलं तर स्वच्छ, घाण दिसलं तर घाण.

शिबिरानंतरच्या त्या हिवाळ्यात आमचं घर जागच्या जागी येरझाऱ्या घालत होतं. आई चुलीपाशी बसे आणि उठे. सहा बोटं आटवल्याची खूण राहावी म्हणून ती बोटं ओली करून गंजाच्या आत वरच्या बाजूला रेघ ओढून ठेवी आणि गंज पहिल्या उकळीलाच उतरवी. बाबा येऊन रेघ बघत, पाणी बघत, समाधानानं मान हलवत. पण न आटवलेलं झालं तरी ते बोअरचंच. आई बेबीला जमेल तितकं अंगावर पाजायची, पण पोरगी पेजेला सोकावली होती; वाटी दिसली की हातपाय नाचवायची. प्रत्येक वाटीला आईचा चेहरा बघवत नसे. बोडीत म्हशी बसत. नदी लांब. उरली ती टोल्याची विहीर.

मैनाबाई टोल्यातली. दरवर्षी धानाच्या रोवण्याला आमच्या बांधीत येई. तिच्यासाठी आमच्या पडवीत कौलांखाली एक वेगळा कप खोचून ठेवलेला असे, आणि ती चहा पिऊन तो स्वतःच धुऊन पुन्हा तिथे खोचत असे. शिमगा झाल्यावर एका दुपारी आई मला घेऊन तिच्याकडे गेली. रिकामा गुंड कमरेवर. मैनाबाई मोहाची फुलं वाळत घालत होती. तिनं गुंडाकडे पाहिलं, मग आईकडे.

"काऊन वं बाई, पंप बिघडला का?"

आईनं बेबीचं सांगितलं. मैनाबाई ऐकताना फुलं पसरतच राहिली. "आमच्या पान्यात बेडूक हाय, बाई. चालंल तुमच्या बेबीले?"

"गाळून घेईन."

"मंग आमाले बी गाळून घेसान का?" मैनाबाई म्हणाली आणि खळखळून हसली. आजूबाजूच्या दोघीतिघी हसल्या. आई हसली नाही, रडलीही नाही. ती तिथेच मैनाबाईच्या अंगणात बसली आणि म्हणाली, "आधी मले प्याले दे थोडं." मैनाबाईनं लोट्यात पाणी आणलं. गोंडीत पाण्याला येर म्हणतात. "येर" असं म्हणून तिनं लोटा पुढे केला. मातकट रंगाचं पाणी होतं. आई सगळं प्यायली. मी पण प्यायले, आणि घरी जाईपर्यंत पोटात काही हलतंय का याकडे लक्ष ठेवून चालले.

पण गुंड भरून मिळाला नाही. मैनाबाई टोल्याच्या गायत्याला, म्हणजे त्यांच्या पुजाऱ्याला, विचारून आली. उन्हाळ्यात विहीर तळाला जाते, टोल्यालाच पुरत नाही. वैशाखात गाळ काढतात, मग झरे मोकळे होतात. ज्या घरची घागर विहिरीवर येईल त्या घरचा माणूस त्या दिवशी विहिरीत उतरलाच पाहिजे. "गडी नाई चालत," मैनाबाई म्हणाली. "घरचा मानूस. भाऊले धाडा. मंग रोज नेजा पानी, कोणी नाई म्हननार नाई."

आईनं ते बाबांना सांगायला बरेच दिवस घेतले. सांगितलं तेव्हा बाबा जेवत होते, लाखोळीची डाळ आणि भात. त्यांनी हात आखडला. "मी? गोंडायच्या विहिरीतला गाळ काढू? ज्याच्या दारात गाव पानी भरते तो?"

"पोरीसाठी."

"लोकं काय म्हनतीन?"

"लोकायच्या पोरायचे बी दात तसेच हायेत," आई म्हणाली. "कोणी काई म्हनत नाई. मीच उतरते मंग खाली. लुगड्याचा काचा मारून उतरते. मंग म्हनतीन काय म्हनाचं ते."

बाबांनी ताट सरकवलं. ओट्यावर गेले, बसले, उठले. आईनं ते ताट उचललं नाही. ती तसं कधी करत नसे. दुसऱ्या जेवणाची वेळ होऊन डाळीवर साय धरेपर्यंत ते तिथंच पडून होतं.

गाळ काढायच्या दिवशी बाबा निघाले ते इस्त्रीचं धोतर, टोपी, आणि हातात नारळ. मला वाटतं त्यांनी मनात असं ठरवलं होतं, की आपण नारळ फोडू, चार शब्द बोलू, आणि त्या चार शब्दांनी विहिरीत उतरल्यासारखं होईल. मी मागून पाण्याची कळशी घेऊन चालले होते. टोल्याचे पुरुष लंगोटीवर, अर्धे आधीच चिखलात. म्हातारा गायता विहिरीच्या कठड्यावर बसला होता. बाबांनी नारळ पुढे केला आणि घसा साफ केला.

"नारळ ठेवा तिथी, भाऊ," गायता म्हणाला. "खाली उतरा."

विहिरीच्या भिंतीत पाय ठेवायला खोबण्या होत्या. उतरायचं तर काठावर वाकून, हात टेकवून, पाठमोरं होऊन पाय खाली सोडावा लागतो. टोल्याची म्हातारी माणसंही ते सहज करत होती. बाबांनी धोतर खोचलं, टोपी काढून माझ्या हातात दिली, आणि वाकले. वाकले म्हणजे वाकायला गेले. त्यांची पाठ फळीसारखी आली तेवढीच आली. मग त्यांनी निदान खाली बघावं म्हणून मान वाकवली, तर मानही छातीपर्यंत पोचेना. ते पुन्हा वाकले. पुन्हा फळी. आतून कुणीतरी ओरडलं, "काय गा भाऊ, लाजून राह्यले का?" आणि सगळी विहीर हसली, विहिरीत हसू फार मोठं होतं. बाबांनी तिसऱ्यांदा प्रयत्न केला तेव्हा त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून हसणं थांबलं.

ते काठावर उभे होते. चेहऱ्यावर राग नव्हता. रात्री अनोळखी खोलीत जाग आल्यावर माणूस भिंती चाचपतो तसे ते स्वतःच्या कमरेवर हात फिरवत होते. बाबा तेव्हा पन्नाशीचेही नव्हते. घरी कधी त्यांना वाकायची वेळच येत नसे. वाकायची कामं आम्ही दोघी करत होतो.

गायता उठला. त्यानं दोराचं टोक बाबांच्या हातात दिलं. "वर राहा. दोर ओढा," म्हणाला. "थो बी विहिरीतलाच काम हाय."

बाबांनी दिवसभर दोर ओढला. टोपल्यामागून टोपली काळा, कुजका, बेडकांनी भरलेला गाळ वर येत होता आणि त्यांच्या धोतरावर सांडत होता. दुपारी सगळे मोहाखाली बसले तेव्हा मैनाबाईनं त्यांनाही आंबील दिली. ती घ्यायला त्यांनी हात पुढे केला, आणि मग ती पिताना कुणी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत नव्हतं. संध्याकाळी परत येताना बोडीच्या पाळीवर ते थांबले. मला वाटलं दमले. ते म्हणाले, "हाडाचं काय म्हने थे डाक्टरीन? सांग पुन्हा."

मी सांगितलं. शब्दन् शब्द.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पाना आणून पंपाचा दांडा काढला आणि ओळीत घरोघर जाऊन सांगितलं, की हे पाणी पिऊ नका. कुणाचाही विश्वास बसला नाही. दौलतभाऊ चिंधी झाला, पाणी देववत नाही म्हणून दातांचं सोंग काढलं, असं बोललं जाऊ लागलं. धुण्या-आंघोळीला तरी दे म्हणून भांडण झालं, तेव्हा त्यांनी दांडा परत बसवला आणि पंपाशेजारी खाट टाकून बसले. कुणी पिण्याचा गुंड भरला की म्हणायचे, "पेऊ नोका बापा, हात जोडतो." बाया त्यांच्यासमोर भरून नेत आणि वळणावर हसत. आमच्या घरात आईनं तिवईवर तीन मडकी एकावर एक मांडली: वरच्यात नाल्याची धुतलेली वाळू, मधल्यात कोळसा, खालचं रिकामं. टोल्याचं पाणी आधी निवळीची बी घासलेल्या माठात रात्रभर ठेवायचं, मग मडक्यांतून गाळायचं, मग उकळायचं. उकळी फुटली की थोडा वेळ खदखदू द्यायचं आणि उतरवायचं. बाबा आता चुलीपाशी येऊन उलटंच ओरडत, "उतरव, उतरव, आटून राह्यलं!" आईनं मैनाबाईलाही पाणी उकळायला सांगून पाहिलं. "लाकडं तुमी आनून देता का?" मैनाबाईनं विचारलं. ती घरी आली की तिला चहा आता घरातल्या कपात मिळे. कौलांखालचा कप आईनं काढून टाकला होता. मैनाबाईनं ते पाहिलं, आणि चहा पिऊन झाला की ती कप न धुता तिथेच ठेवून जाऊ लागली.

पण हे सगळं वेळेत झालं की नाही, ते कळायला बेबीचे दुधाचे दात पडावे लागणार होते. इतकी वर्षं आम्ही तिच्या हिरडीकडे बघत जगलो. तिचा खालचा दात हलायला लागला तेव्हा आईची झोप उडाली. दात पडला, खळगा राहिला, आणि एके सकाळी त्या खळग्यात नव्या दाताची धार दिसली. धारेवर खडूनं ओढल्यासारखी एक मळकट रेघ होती. आईनं पाहिलं आणि ती आत गेली. बेबी मात्र जिभेनं दात चाचपत हिंडत होती.

दात वर येत गेला. रेघ वर सरकली आणि तिच्याखाली पांढरं येऊ लागलं. मग आणखी पांढरं. मी रोज बघत होते आणि माझा विश्वास बसत नव्हता.

बाबांना वाकता येत नव्हतं, म्हणून त्यांनी बेबीला खाटेवर उभं केलं, उजेडाकडे तोंड करून. हनुवटी धरून बराच वेळ पाहिलं. मग आईला हाक मारली आणि दाताला बोट न लावता दाखवलं.

"वरची रेघ माही," ते म्हणाले. "खालचं सारं तुह्यं."

आईनं दाताकडे पाहिलं नाही, त्यांच्याकडे पाहिलं. "मिटव वं पोट्टे तोंड," ती बेबीला म्हणाली. "चल. पेज थंडी होऊन राह्यली."